थंड ठेवा!

बिराजदार डॉक्टर अनोळखी पुरुषाला भेटले की आधी तोंडाकडे नाही, पायजम्याकडे बघायचे. "घट्ट आहे. सैल शिवा. थंड ठेवा!" एवढं झालं की मग नमस्कार.

सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, भर मे महिन्यात, कुणाला 'थंड ठेवा' सांगणं हाच मुळात विनोद. पण डॉक्टरांचं ते संशोधन होतं. मेडिकल कॉलेजात ते पुरुषांच्या वंध्यत्वावर काम करायचे. मी तिथलंच स्टोअर सांभाळायची आणि घरंही आमची शेजारी-शेजारी. त्यामुळे उंदरांचं खाद्य, काचेच्या नळ्या आणि डॉक्टरांचं व्याख्यान, तिन्ही माझ्याच वाट्याला.

"हार्मोन म्हणजे काय, बाई? गिरणीचा भोंगा! वर मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती भोंगा वाजवते. खाली माग सुरू होतात. पण खालची शेड तापली, की भोंगा कितीही बोंबलो, कापड निघत नाही!"

हे ते बसस्टॉपवर सांगायचे. मोठ्याने. एकदा तालमीत जाऊन पैलवानांना लंगोट सोडायला सांगून आले. आले म्हणजे पळत आले. एक चप्पल तिथेच राहिली. ती आणायला मला जावं लागलं.

दुसरं वेड खरं बोलण्याचं. नळीवरचं एक लेबल पुसट झालं तर अख्खा ट्रे ओतून द्यायचे. "संशयास्पद आकडा म्हणजे खोटा आकडा!" घरीही तोच नियम. भाकरी कशी झालीय? "कडेला कच्ची." आमचा जावई कसा वाटला? "कान मोठे, अक्कल मध्यम." मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला गल्लीत त्यांना कुणी बोलवत नसे.

समोर मल्लप्पा राहायचा. सूत रंगवायच्या कारखान्यात दिवसभर उकळत्या रंगापाशी उभा. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. एका सकाळी त्याची आई संगव्वा सुनेला, शरणम्माला, दुधनीला माहेरी धाडायला निघाली. दुसरी सून आणायची ठरली होती. शरणम्माची ट्रंक ओट्यावर आली आणि डॉक्टर बनियनवरच धावले.

"आधी ह्याला तपासा! दिवसभर आगीपाशी उभा असतो! मल्लप्पा, थंड..."

आता आमच्याकडे पुरुषाला थंड म्हणणं म्हणजे काय, हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. संगव्वाने फुंकणी उचलली.

"यप्पा! माझ्या लेकाला थंड म्हणायलालाव व्हय, डाक्टर?"

"नाही हो! थंड नाही, तोच तर घोटाळा आहे! तो गरम आहे!"

गल्ली लोटपोट हसली. मल्लप्पा मात्र खाली बघत पुटपुटला, "मी न्हाय तपासनार. लोक काय म्हनतील?" शरणम्मा ट्रंकेची कडी धरून उभी होती.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. मागे दारात त्यांच्या पत्नी, सुमित्रावहिनी, उभ्या होत्या. त्यांनाही मूल नव्हतं, म्हणून ओटी भरायला त्यांना कुणी बोलवत नसे.

"मी तपासून घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला मूल नाही ते माझ्यामुळे. दोष माझ्यात आहे. काय म्हणतात लोक? म्हणा की!"

फुंकणी खाली आली. ट्रंक आत गेली. दुसऱ्या दिवशी मल्लप्पा सैल पायजमा घालून, ओळख नसल्यासारखा माझ्या बराच मागे चालत, कॉलेजात आला.

दोष त्याच्यातच निघाला. कारखान्याच्या मालकाला गाठून मी त्याला रंगापासून गोदामात हलवलं. बाकीचं औषधपाणी डॉक्टरांनी पाहिलं. पुढे शरणम्माला मुलगा झाला.

बारशाला संगव्वा स्वतः वहिनींना बोलवायला आली. "दोष तुमच्यात न्हाय की, वहिनी! पाळण्यात तुमीच घाला."

वहिनींनी बाळ पाळण्यात ठेवलं, दोरी धरली आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"बाई, त्यांचा आकडा उत्तम होता. दोष माझ्यातच आहे."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पाळणा म्हणायला घेतला. वहिनींचा सूर भलताच वाईट. दुसऱ्या कडव्यावर बाळही रडायला लागलं.

संपल्यावर त्यांनी पुरुषांच्या घोळक्याकडे पाहून विचारलं, "अहो, कसा झाला?"

डॉक्टर कुणाचा तरी पायजमा तपासत होते. ते सरळ झाले.

"सुरेख," म्हणाले. "अगदी सुरेख."