बेचाळीस रकान्यांचा तक्ता

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी ती न घेण्याची सगळी कारणं तपासून झाली पाहिजेत. जे ही जबाबदारी टाळतात, ते दुकानात जाऊन वस्तू घेऊन येतात आणि समाजाचं नुकसान होतं.

तुळजापूरचे राघवेंद्रराव टाळणाऱ्यांतले नव्हते. छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांकडं त्यांच्या थोरल्या बहिणीनं, नीलाअक्कानं, जूनच्या सुरुवातीला एक साधी मागणी केली. त्यांच्या आईचा घरात एकच फोटो होता; तळहाताएवढा, देवघराशेजारी चौकटीत. आई गेली तेव्हा अक्का अकरा वर्षांची होती, राघवेंद्रराव दीड वर्षाचे. आता अक्काच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. दिवाळीपर्यंत जेमतेम दिसेल, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"राघू, फोटो मोठा करून आण. एकदा नीट बघते, अन् तुलाबी दाखवते कोण कुणासारखं आहे ते."

फोटो स्टुडिओवाले लालमहंमद शेजारच्याच गल्लीत. ते म्हणाले, "साहेब, चौकटीतनं काढून द्या फक्त. तुमचा चहा होईस्तवर देतो." इतक्या लवकर होणाऱ्या कामात गफलत असते, हे अनुभवी माणसाला सांगावं लागत नाही. शिवाय प्रस्ताव एकच आलेला. नियमानं तीन लागतात. तेव्हा घरीच एक परवडणारा स्कॅनर घ्यायचं ठरलं आणि समिती नेमली गेली. राघवेंद्रराव अध्यक्ष, मुलगी भैरवी (एमएस्सी, भौतिकशास्त्र) तांत्रिक सदस्य. अक्का लाभार्थी असल्यामुळे तिला मत नव्हतं.

पहिल्याच बैठकीत भैरवी म्हणाली, "बाबा, स्वस्तातल्या स्कॅनरला त्याच्या काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. फोटो आत्ताच चौकटीतनं काढून ठेवू. पावसाळ्यात चिकटला तर निघायचा नाही."

सूचना 'ऐनवेळचे विषय' या सदरात नोंदवण्यात आली. मंजुरीपूर्वी चौकट उघडणं म्हणजे कामाला परस्पर सुरुवात करणं.

तुलनात्मक तक्त्याला बेचाळीस रकाने झाले. राघवेंद्ररावांनी एकशे सत्तर व्हिडिओ पाहिले (पैकी एकशे बारा खोकं उघडण्यातच संपतात). पाचशे ग्राहकांचे अभिप्राय वाचले. त्यांतल्या सर्वांत समाधानी ग्राहकांनी स्कॅनर अजून लावलेला नव्हता. जुलैत एक मॉडेल पक्कं झालं, तोच नवं येणार असल्याचं कळलं. ऑगस्टमध्ये नवं आलं, पण ते दसऱ्याला स्वस्त होणार हे उघडच होतं. (अक्काच्या डोळ्यांसाठी रकाना नव्हता. बेचाळीसनंतर कागद संपला.)

अक्का दर मंगळवारी फोटोच्या काचेवर, आईच्या कपाळाच्या जागी, कुंकू लावायची. सप्टेंबरात ते गालावर लागायला लागलं.

दसऱ्याला स्कॅनर आला. फोटो काचेला घट्ट चिकटलेला. चौकट काढून काचेसकट पालथा ठेवला, कळ दाबली आणि चित्र टीव्हीवर लावलं. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. काचेवरचं कुंकू कणाकणानं उमटलं होतं, त्यात अक्काच्या बोटाच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. दोन मिलिमीटर मागं, चेहऱ्याच्या जागी, करडा ढग होता. भैरवीनं मोबाइलवर मूळ फोटो टिपून बघितला. ओठांपासून खाली पावसाळ्यातल्या ओलीचा तपकिरी डाग पसरला होता.

"दिसतीय का रे?" अक्का टीव्हीकडं तोंड करून म्हणाली. "मला आता न्हाय दिसत. पण माझं काय, मला ती पाठ आहे. तुझ्यासाठीच म्हणत होते मी. हनुवटी बघ तिची. तुझीच आहे."

राघवेंद्रराव टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"कुंकू फार स्पष्ट आलंय, अक्का," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी अभिप्राय नोंदवला: पाच तारे, खोकं मजबूत.

ही हकिगत ऐकून आजवर पंचेचाळीस जणांनी भैरवीला गाठलं. दोघांनी अक्काची विचारपूस केली. उरलेल्या त्रेचाळीस जणांचा प्रश्न तुम्हीही मघापासून धरून बसला आहात: मॉडेल कोणतं? भैरवी तक्ता पाठवून देईल. सात पानं आहेत, सवडीनं वाचा. तुमच्या घरातला फोटो कुठं जातोय?