बंद करा म्हणणारे नरहरीकाका

आमच्या बरकतपुऱ्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नरहरीकाका राहतात. नवी कंपनी काढलेली मुलं त्यांच्याकडे सल्ला घ्यायला येतात आणि काका प्रत्येकाला एकच सल्ला देतात, "बंद करा."

समोरचा काय करतो हे पुरतं ऐकूनही घेत नाहीत. तो बिचारा लॅपटॉप उघडून रंगीत आलेख दाखवत असतो, काका पोहे खात असतात. बशी संपली की म्हणतात, "हौ, अच्छा आहे. आता बंद करून टाका." तेलुगू, दक्खनी, मराठी, ज्याला जी भाषा कळेल त्या भाषेत हेच. मी समोरच्याच घरात राहतो, त्यामुळे जिन्यात बूट चढवताना त्या मुलांचे उतरलेले चेहरे मला दिसतात. आणि पुढच्या आठवड्यात तीच मुलं आणखी दोघांना घेऊन हजर! मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नापास केलेला एकही मुलगा मित्रांना घेऊन हौसेने माझ्याकडे परत आला नाही. त्यामुळे हे प्रकरण माझ्या डोक्यावरून जातं.

एकदा काकांना माधापूरच्या एका मोठ्या सभागृहात भाषणाला बोलावलं. सोबतीला मला ओढून नेलं. मागे फलक, 'उद्याच्या नेत्यांना प्रेरणा'. काका अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या दक्खनीत बोलले. मतलब एवढाच, की तुम्ही इथं कशाला आलात ते तुम्हालाच ठाऊक नाही, कंपनी बंद करा, घरी जा, आईशी बोला. आणि खाली बसले. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. प्रेरणा नक्की कुठल्या वाक्यात होती, असं मी परतताना रिक्षात विचारलं. काका म्हणाले, "मला काय माहीत बाबा? मी तर खरंच सांगून राहिलो होतो."

हे सगळं गमतीचं होतं, तोवर माझ्या मुलीने, सायलीने, नोकरी सोडून कंपनी काढली. कोठी भागातल्या दवाखान्यांत नंबर लावून म्हातारी माणसं जिन्यावर बसून राहतात. सायलीच्या ॲपमुळे नंबर जवळ आला की त्यांचा घरचा फोन वाजतो. मला समजलं ते एवढं. ती मोठ्या आशेने काकांकडे गेली आणि रडत परत आली. दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी नोकरीसाठी परत अर्ज करते. काका म्हणतात म्हणजे माझंच चुकत असणार."

खरं तर नोकरी सोडू नको म्हणून मीच घसा कोरडा केला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग, तोही काकांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सायलीचा हात धरून मी त्यांच्या घरात शिरलो.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून टेबलावरचा फोन स्पीकरवर होता. ते ताठ उभे राहिले आणि अगदी सपाट, यंत्रासारख्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. ही स्वयंचलित सूचना आहे. रक्तदाबाची. गोळी. घ्यावी."

काकांच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच मला वाटलं.

"घेतली रे बाबा," फोनमधून एका म्हातारीचा आवाज आला. "आज आवाज बसला काय तुझा? सुंठ घालून चहा घे." मग गुडघा, दूधवाल्याशी झालेलं भांडण, फोन न करणारा भाचा, सगळं झालं. काका डोळे मिटून ऐकत होते. मध्येच बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. यंत्र कसं बोलणार? दहा मिनिटांनी "ठेवते" म्हणून तिने फोन ठेवला.

"गौलीगुड्याच्या लक्ष्मीबाई," काका म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनीही कंपनी काढली होती. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून गोळीची आठवण करून देणारं यंत्र. चाललं नाही, बंद केलं. सगळ्यांना तशी पत्रं पाठवली. लक्ष्मीबाईंना वाचता येत नव्हतं. त्या फोनची वाट बघत बसल्या आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडल्या.

"तवापासून यंत्र मीच हाय," काका म्हणाले. "म्हणून पोरांना बोलतो, कोणी विसंबायच्या आधी बंद करा. नंतर नाही होत."

"माझ्यावर विसंबलेत, काका," सायली म्हणाली. "काचीगुड्याचे एक आजोबा आहेत. पायाला जखम आहे. आता नंबर येईपर्यंत ते घरी पडून राहतात."

"हे त्या दिवशी कायकू नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलंच कुठं?"

"हौ. चुकलं माझं," काका म्हणाले. "मग आता बंद नक्को करू बेटा. आता ते तुझ्या एकटीचं राहिलं नाही."

सायलीचा चेहरा असा खुलला, की मलाच भरून आलं. त्या आनंदात ती म्हणाली, "काका, तुमचा आवाज एकदा रेकॉर्ड करून घेते. रोज दहाला आपोआप फोन जाईल. तुम्ही मोकळे!"

काकांनी फोन उचलला, सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसला.

"फोन जाईल गं," ते म्हणाले. "पण ती बोलेल ते ऐकणार कोण?"

आम्हाला बसा म्हणून काका चहा ठेवायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.