पार्किंग प्रतीक्षा मंडळ

पिसेथ प्रुमला एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. पण तसं काही घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. त्याच्या घरात सध्या तसंच ठरलं आहे. घरच्या दुकानातल्या डोनटच्या कपाटाच्या काचेवर लावलेलं प्रवेशाचं पत्र काढलं असून चिकटपट्टीचे चारही डाग त्याच्या आईने, चांथूने, स्वतः खरवडले आहेत.

सुरुवात सप्टेंबरात झाली. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि मग युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचं, हा आमच्या खोऱ्यातला रिवाज. पिसेथचं दुसरं वर्ष चालू होतं. युनिव्हर्सिटीच्या अर्जात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी वीस रकाने होते. पहाटे साडेतीन ते आठ दुकान, मग कॉलेज, मग पुन्हा दुकान असा त्याचा दिवस होता. त्यामुळे त्याने वीसही रकाने रिकामे ठेवले.

"एकही नाही?" लिंडक्विस्ट म्हणाले. हे निवृत्त विमा एजंट. सकाळी सहाला एक डोनट घेऊन नऊपर्यंत पुरवत. "मग विसर. माझी पुतणी हार्प वाजवायची. लगेच घेतलं तिला."

"मार्क कसे होते तिचे?"

"मार्क उत्तम होते. पण हार्प."

चांथूने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "हार्प दुकानात मावेल का रे?"

"नाही मावणार, आई."

"मग दुसरं काहीतरी बघ. लहानसं."

कॉलेजच्या समुपदेशक बाल्देरास मॅडमना विचारावं म्हणून पिसेथने वेळ मागितली. ती सहा आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर हातावर हात धरून बसण्यापेक्षा स्वतःचं मंडळ काढावं आणि अध्यक्ष व्हावं, असं लिंडक्विस्टांनी सुचवलं. मंडळाला सहा विद्यार्थी लागत, आणि त्यांनी मिळून काहीतरी करणं आवश्यक होतं. पिसेथच्या कॉलेजात मुलं गाडीने येतात, तास करतात आणि कामावर जातात. सगळे मिळून करतात अशी एकच गोष्ट त्याला सापडली: पार्किंगमध्ये जागा सुटायची वाट बघणं. त्याने 'पार्किंग प्रतीक्षा मंडळ' असा अर्ज भरला. उद्देश: संयमाचा प्रसार. कॉलेजने तो दोन दिवसांत मंजूर केला.

पहिल्या सभेला, मंगळवारी दहा वाजता, पिसेथ एकटाच हजर होता. बाकीचे पाच जण पार्किंगमध्ये जागा शोधत होते. दुसऱ्या सभेलाही तेच झालं. सलग तीन सभा बुडाल्या की मंडळ रद्द होतं, म्हणून त्याने तिसरी सभा पार्किंगमध्येच भरवली. काचा खाली करून, गाड्या चालू ठेवून.

"ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

"मी दिलं असतं, भाऊ, पण ती लाल गाडी निघतेय."

सभेच्या वेळी जो कोणी आत शिरेल त्याला सभासद धरावं, असं एका सभेत ठरलं. नोव्हेंबरपर्यंत मंडळाचे दोनशे बारा सभासद झाले. त्यातल्या बहुतेकांना ते माहीत नव्हतं. बाल्देरास मॅडमची वेळ मंगळवारी दहाचीच निघाली. अध्यक्षाने गैरहजर राहणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती त्याने सोडली. अर्ज गेला. वीसपैकी एका रकान्यात 'अध्यक्ष' असं लिहिलं होतं.

जानेवारीत स्टॅटिस्टिक्स घ्यावं लागलं. त्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. तास मंगळवार-गुरुवार, दहा वाजता. दुसरा वर्गच नव्हता. पिसेथने अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायचं ठरवलं. नियमाप्रमाणे तो निम्म्याहून अधिक, म्हणजे एकशेसात सभासदांच्या समोर द्यायला हवा होता. त्या पार्किंगमध्ये नव्वद गाड्या मावतात.

"नुसता जाऊ नकोस ना सभेला," चांथू म्हणाली.

"मग मंडळ रद्द होईल, आणि अर्जातलं खोटं ठरेल."

"ते तपासतात," लिंडक्विस्ट म्हणाले. कोण तपासतं हे त्यांनी सांगितलं नाही.

सहा मंगळवार बुडाल्यावर हगोपियन सरांनी त्याचं नाव वर्गातून कमी केलं. सर फार सज्जन. नियम वाचून दाखवताना त्यांचा आवाज जरा कापला. प्रवेशाचं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं. त्यात खाली बारीक अक्षरांत स्टॅटिस्टिक्सचा उल्लेख होता.

मे महिन्यात बाल्देरास मॅडमची वेळ पुन्हा मिळाली.

"हे मंडळ काढायला तुला सांगितलं कोणी?"

"गिऱ्हाइकाने."

"अरे, इथून जाणाऱ्या मुलांचे ते आधी विषय बघतात, मग मार्क. बाकीचं असलं तर ठीक. तुझे मार्क बघता मंडळ नसतं तरी घेतलं असतं." मॅडमनी अर्जाची प्रत उलटसुलट केली. "पहाटे काय करतोस तू?"

"काही नाही. घरीच असतो."

"घरी काय?"

"डोनट."

"किती?"

"आठशे असतील. शुक्रवारी जास्त."

"कधीपासून?"

"नववीपासून."

मॅडमनी चष्मा काढला. "हे लिहायचं होतं, बाळा. हेच."

"ते काही काम नाही, मॅडम. आईचं दुकान आहे."

उन्हाळ्याच्या वर्गात जागा नव्हती. प्रतीक्षा यादीत त्याचा एकेचाळिसावा नंबर लागला.

संध्याकाळी त्याने हे सगळं आईला सांगितलं. चांथू ट्रे पुसत राहिली.

"मुलगा आईला हातभार लावतो, हे परक्यांना लिहून कळवायचं होतं?"

"हो म्हणतात."

"कशाला?"

मग तिने ट्रे बाजूला सारला, हात पुसले आणि गुलाबी खोक्याचं झाकण फाडून त्याच्यापुढे ठेवलं.

"लिही. मी सांगते. चांगल्या भाषेत लिही."

त्याने लिहिलं:

'प्रति, प्रवेश विभाग. विषय: स्टॅटिस्टिक्सच्या हजेरीबाबत. महोदय, अर्जदार प्रस्तुत विषयाच्या सहाही बुडालेल्या तासांना वर्गापासून दोनशे मीटरांच्या आत, स्वतःच्या गाडीत, जागा व शुद्धीवर होता. तरी त्याची हजेरी अंतराच्या प्रमाणात धरून राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे मानण्यात यावे, आणि तसे पत्र सकाळी नऊच्या आत दुकानाच्या पत्त्यावर, काचेवर लावता येईल अशा आकारात पाठवावे, ही नम्र विनंती.'