दहा बाय बाराचा महाल

रविवारची पुरवणी आमच्या घरी वाचत नाहीत, तिच्यावर भजी निथळतात. त्या रविवारी भजी नव्हती म्हणून मी ती वाचली, आणि पुढं जे घडलं त्याला मी एकटा जबाबदार आहे, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. (मतदान झालं तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो.)

पुरवणीत घर सजवण्याच्या शैलींवर पानभर लेख होता. मिनिमल म्हणजे घरात जवळजवळ काही ठेवायचंच नाही. हे म्हणे जपानी साधूंच्या मठांतून आलं. बोहेमियन म्हणजे सगळं ठेवायचं, पण पसरून. हे पॅरिसच्या कफल्लक चित्रकारांकडून आलं. (आमचं घर लग्नापासून बोहेमियन आहे, हे मला त्या दिवशी कळलं.) तिसरी शैली बरोक. इटलीतले चित्रकार सपाट भिंतीवर खांब, जिने, दरवाजे असे हुबेहूब रंगवत की साधी खोली राजवाडा वाटावी.

मी मान वर करून आमच्या हॉलकडं पाहिलं. दहा बाय बारा. माझ्या वडिलांना तिथं किराणा दुकान काढायचं होतं. दुकान निघालं नाही, पण शटर बसलं. त्यामुळं साकोलीच्या भर रस्त्यावरच्या आमच्या हॉलला दार नाही, शटर आहे. ते आम्ही पोळ्याला आणि दिवाळीला उघडतो. एरवी येणं-जाणं बाजूच्या दारानं.

याच हॉलात पुढच्या रविवारी पाहुणे येणार होते. माझी मुलगी तृप्ती शाळेत शिकवते. त्याच शाळेत अतुल शिकवतो. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलेलं होतं, फक्त अतुलच्या वडिलांचा होकार बाकी होता. आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. यादोराव गुरुजी, आंबागडचे, निवृत्त मुख्याध्यापक. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एका घरी चहाच्या कपाचा कान तुटका होता म्हणून, आणि दुसऱ्या घरी मुलीचा बाप फार बोलतो म्हणून. मी आमच्या सगळ्या कपांचे कान तपासले. दुसऱ्या कारणावर मात्र इलाज नव्हता.

“बाबा, माझ्यासाठी एकच करा,” तृप्ती म्हणाली. “काही करू नका.”

“चुना मारून घेऊ अन् मोकळे होऊ,” ललिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली. “कायले डोस्कं लावून राहिले जी?”

पण मला भीती वाटत होती, खरं सांगतो. पोरीनं आजवर माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता तिला जे हवं होतं ते एक कडक माणूस माझ्या पोपडे आलेल्या हॉलात बसून ठरवणार होता. आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझ्या निम्म्या फायली तिकडं गेल्या आणि मी इकडं राहिलो. तेव्हापासून सरकारी ऑफिसात मला काम कमी आहे. विचार करायला वेळ भरपूर. बरोक करायचं ठरलं.

साकोलीत दुकानांच्या पाट्या रंगवणारे पुष्कळ. इटलीचं काम म्हटल्यावर ते चहा पाजून परत पाठवायचे. शेवटी कोणीतरी करडी गावच्या टेकचंद पेंटरचं नाव सांगितलं. हा टेकचंद नाटक कंपन्यांचे पडदे रंगवतो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडई आली की नाटक आलं, आणि नाटक म्हटलं की पडदा लागतोच. त्यामुळं तो ऐन घाईत होता, तरी आला. मी त्याच्यापुढं पुरवणी धरली.

“हा तं महाल सीन आहे,” तो म्हणाला.

“इटलीचा आहे.”

“कोणाचाबी असंल. माह्या आज्यानं हाच काढला होता. त्याले मुंबईहून आलेल्या कंपनीच्या पेंटरनं शिकवला, अन् त्यानं इंग्रजाच्या क्यालेंडरवरून उचलला.”

“मग क्यालेंडरवाल्यानं इटलीतूनच आणला असेल की!”

“असंल बा. पण इटलीवाल्यानं कोणाचा उचलला ते त्याले विचारून घ्या.”

टेकचंदला पाच सीन येत होते: महाल, जंगल, रस्ता, तुरुंग आणि गरिबाचं घर. यातलं कोणतं घ्यायचं म्हणून मी ललिताला विचारलं.

“गरिबाचं घर रंगवू नका,” ती म्हणाली, “ते तं आहेच.”

तीन दिवसांत महाल उभा राहिला. मी हॉलात जाऊन पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. खांब नव्हता, जिना नव्हता. पिवळ्या, तांबड्या, जांभळ्या रंगाचे नुसते फराटे.

“बाप्पा!” ललिता म्हणाली. “भिंतीले गोवर झाला काय जी?”

“वहिनी, तिथून नाही दिसत,” टेकचंद ब्रश पुसत म्हणाला. “आमचं काम दुरून पाहाचं असते. पहिल्या रांगेतल्यालेबी फराटेच दिसतात. रस्त्यावर जा.”

शटर वर करून आम्ही रस्ता ओलांडला आणि मागं वळून पाहिलं. काय सांगू! संगमरवरी खांब, वळत वर गेलेला जिना, मागं बगीचा, बगीच्यात मोर. मधोमध कमानीचं दार, आणि त्या दाराला आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आहे अगदी तसाच निळा पडदा. (ही टेकचंदनं ललिताला दिलेली मानवंदना होती. तिनं त्याला भाकरी-भाजी खाऊ घातली होती.) खरं दार त्याच्या डावीकडं हातभर अंतरावर. जाताना टेकचंदनं शटरबाहेरच्या छपरीत, म्हणजे पडवीत, दोन फोकस बांधून दिले. महालाला समोरून उजेड लागतो म्हणे.

“पण पाहुण्यायले काय रस्त्यावर बसवाचं काय?” ललितानं विचारलं.

मी पुरवणी पुन्हा उघडून पाहिली. लेखात ते दिलेलं नव्हतं.

रविवारी दिवेलागणीच्या सुमाराला यादोराव गुरुजी, त्यांच्या पत्नी शकुनबाई आणि अतुल बाजूच्या दारानं आत आले. गुरुजींचं धोतर पांढरंशुभ्र, चेहरा उत्तरपत्रिका तपासताना असतो तसा. ते नेमके भिंतीला खेटून असलेल्या खुर्चीवर बसले. चष्मा पुढं ओढून त्यांनी एका खांबाचं निरीक्षण केलं, मग तो नखानं खरवडून पाहिला.

“ओल आहे भिंतीले.”

“नाही गुरुजी, राजवाडा आहे.”

गुरुजींनी शकुनबाईंकडं पाहिलं. शकुनबाईंनी अतुलकडं पाहिलं. अतुलनं जमिनीकडं पाहिलं. आतल्या पडद्याआडून तृप्ती माझ्याकडं पाहत होती, तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. पोरीनं मला एकच काम सांगितलं होतं, आणि ते मला जमलं नव्हतं.

“गुरुजी, हे दुरून पाहायचं असतं! थांबा!” असं ओरडत मी फोकस लावले आणि शटर वर ढकललं. क्रर्रर्र!

आता त्याच दिवशी आमच्याकडं मंडई होती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आमच्याच रस्त्यानं लोक सतरंज्या घेऊन नाटकाच्या मैदानावर जागा धरायला चालले होते. त्यांच्यासमोर अचानक पडदा उठला, झगझगीत उजेड पडला आणि महालात धोतर नेसलेला एक करारी पुरुष खुर्चीवर बसलेला दिसला. झाडीपट्टीतल्या माणसाला याहून जास्त काय सांगावं लागतं?

“इथंच सुरू होऊन राहिलं वो, बसा!” असं म्हणत समोरच्या घरातल्या बाईंनी पहिली सतरंजी अंथरली. (या बाई वीस वर्षं आमच्या शेजारी राहतात. मला रोज पाहतात.) पाच मिनिटांत रस्त्यावर पन्नास-साठ माणसं मांडी घालून बसली. मी शटर खाली ओढायला धावलो. वर्षातून दोनदा उघडणारं शटर ते. अडकलं.

“पडदा पाडू नको बे! आत्ताच तं उठला!” मागून कोणीतरी ओरडलं.

तेवढ्यात तृप्ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. शिट्टी वाजली. गुरुजींनी घसा साफ केला.

“नाव काय बाई तुझं?”

“आवाज! आवाज!” रस्ता म्हणाला.

तृप्तीनं पोहे दिले आणि रिकामा ट्रे माझ्या हातात कोंबून दातओठ खात म्हणाली, “आईला बोलवा.” मी शटरपाशी होतो. वळलो, तर समोर दोन निळे पडदे. घाईत मला त्यातला जास्त खरा वाटला तो निवडला आणि धावत आत शिरलो.

म्हणजे शिरलो नाही. आधी नाक पोचलं, मग ट्रे. ठण्ण!

रस्ता हसून लोळायला लागला. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. मी दोन पावलं मागं सरलो, भिंतीला “माफ करा” म्हणालो, आणि पुन्हा त्याच दारात शिरलो. ठण्ण!

“वन्स मोर!”

आणि गुरुजी उठले. संपलं, मी मनात म्हणालो, आता हे चपला घालणार. अतुल पांढराफटक पडला. पण गुरुजी दाराकडं गेले नाहीत. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, दोन पावलं पुढं, बरोब्बर उजेडात येऊन उभे राहिले आणि उजवा हात उंचावला.

“सेवका! दूर हो!”

तो आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता. रस्त्यावर मागचे लोक गुडघ्यांवर उठून पाहायला लागले. मी दूर झालो.

“झालं,” शकुनबाई बाहेर आलेल्या ललिताच्या कानात म्हणाल्या. “आता नाही थांबत हे. लग्नाआधी नाटकात राजाचं काम करत. माह्या बाबानं अट घातली, नाटक सोडा तवाच पोरगी देतो. माह्यासाठी सोडलं जी त्यायनं. छत्तीस वर्षं झाली, राजा घरात कोंडून आहे.” त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

“कन्ये!” गुरुजी गरजले. “या भरल्या दरबारात निर्भयपणे सांग. आमच्या कुळाची सून होण्यास तू राजी आहेस?”

तृप्ती साठ पोरांचा वर्ग सांभाळते. तिनं आवाज थेट शेवटच्या सतरंजीपर्यंत फेकला.

“राजी आहे, महाराज! फक्त बाबांची काळजी वाटते. त्यांना दार ओळखता येत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

“तर मग आजपासून तू आमची झालीस!”

“वन्स मोर!”

ज्या होकारासाठी आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, तो आम्हाला तीनदा मिळाला. तिसऱ्यांदा तर शकुनबाईंनीच मागितला. माझे डोळे भरून आले. (थोडे नाकामुळंही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक गृहस्थ उभा होता. गळ्यात मफलर, हातात डायरी. मी नाकाला हळद लावून छपरीत बसलो होतो.

“बाई,” तो ललिताला म्हणाला, “मी नाटक कंपनीचा मॅनेजर. आमच्या कॉमेडीवाल्याचा पाय मोडला अन् सीजन तं आत्ताच सुरू झाला. कालचा तो नोकर मिळंल काय? दारावर आपटणारा? लय नॅचरल काम आहे जी त्याचं.”

मी उठलो, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि भारदस्त आवाजात म्हणालो, “मी या घराचा मालक आहे.”

त्यानं माझं नाक पाहिलं आणि पुन्हा ललिताकडं वळला. “मालक तं ते धोतरवाले होते ना?”

आता ही याला चांगला खडसावणार म्हणून मी हाताची घडी घालून उभा राहिलो. ललितानं पदर खोचला, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला विचारलं, “सीजन होळीपावतर चालते ना? जेवण, झोपणं सगळं कंपनीकडंच ना?”