आबाशेटांची चिनी भांडी

आमच्या शेजारचे आबाशेट कोणाकडे चहाला गेले की आधी बशी उपडी करून तिच्या बुडाचा छाप वाचत, मग ती बोटांवर तोलून नखाने टिचकी मारत आणि आवाज ऐकत. चहा मागाहून. भाचीला बघायला मंडळी आली तेव्हाही त्यांनी तेच केलं. बशीत चहा ओतलेला आहे हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. तो सगळा मुलाच्या वडिलांच्या धोतरावर गेला. लग्न जमलं, पण व्याही जन्मभर त्यांच्यापासून दोन हात लांब बसत.

मालवणात जुन्या चिनी भांड्यांचा धंदा करणारा हा एकच माणूस. बोटीवर खानसाम्याची नोकरी करून परतलेल्यांची घरं, सावंतवाडीचे जुने मानकरी, गोवा मोकळा झाल्यावर तिकडची मोडकळीला आलेली घराणी, जिथे म्हणून साहेबी जेवणाचे सेट धूळ खात पडले असतील तिथे आबाशेट हजर. विकत घेताना त्यांच्या तोंडून चांगला शब्द म्हणून निघत नसे. "ह्या खोलगट बशयेत सायबान सूप खाल्ल्यान. आमी काय खावचा, पेज?" असं म्हणून भाव पाडत. तीच बशी गावातल्या डॉक्टरीणबाईंना विकताना मात्र लेक सासरी पाठवावी तशी फडक्यात गुंडाळून, जपून वापरा म्हणून बजावून देत.

किंमत ठरायची ती आवाजावर. अख्खी बशी टिचकीला खणखणते. केसाएवढा तडा असला तरी बद्द वाजते. "बोलता ती बशी, गप रवता ती खापरी," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ते फणसालाही लागू असे आणि नगरपालिकेच्या सभासदांनाही.

हा सगळा व्यापार पडवीत चाले, तो आबाशेटांच्या बायकोमुळे, म्हणजे आमच्या काकींमुळे. पितळ चिंच लावून घासलं की शुद्ध होतं, चिनी माती कितीही घासा, विटाळलेली ती विटाळलेलीच. शिवाय त्यात परक्यांनी काय काय खाल्लेलं असणार. म्हणून काकींनी कधी एका बशीला हात लावला नाही की एकीला उंबरठा ओलांडू दिला नाही.

पुढे पुढे गिऱ्हाइकांच्या लक्षात एक गोष्ट आली. टिचकी मारली की आबाशेट भाव बोलायच्या आधी माजघराच्या दाराकडे बघत. तिथे काकी उभ्या असत. काकींनी मान हलवली की सौदा मोडला. त्या काही न बोलता आत वळून गेल्या की सौदा झाला. झालं, आबाशेट बायकोला विचारल्याशिवाय बशी घेत नाहीत हे बाजारभर झालं. मासळीबाजारात लोक त्यांना तोंडावर चिडवत. ते हसत आणि खाली मान घालून बांगडे निवडत. मीही त्या चिडवणाऱ्यांतलाच.

एकदा मी मागून हाका मारत बंदरापर्यंत त्यांच्या पाठोपाठ गेलो, तरी ते वळले नाहीत. खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढ्याने दचकले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काकींना विचारलं. त्या हळूच म्हणाल्या, "कोणाक सांगा नको हां, झिला. तेंचे कान गेले म्हणान कळला तर ह्या पडवीत कोण येतलो? माका त्या भांड्यांक हात खंय लावचो आसा? नुसता आयकाक काय सोवळा लागता?"

बायकोच्या ताब्यातला म्हणवून घेणं आबाशेटांनी खुशाल पत्करलं होतं. बहिरा म्हणवून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

साध्या तापाचं निमित्त होऊन काकी गेल्या. आबाशेटांनी पडवीत बसणंच सोडलं. आता धंदा संपला असं आम्ही धरून चाललो होतो, तोच देवबागची एक विधवा वाळू तुडवत एक मोठं ताट घेऊन आली. पांढरंशुभ्र, निळ्या काठाचं, नवऱ्याने बोटीवरून आणलेलं. तिला पावसाच्या आत घर शाकारायचं होतं. तिच्यासाठी आबाशेट पुन्हा पडवीत येऊन बसले. मीही तिथेच होतो. आबाशेटांनी ताट उचललं, छाप वाचला, टिचकी मारली. ताट बद्द वाजलं. त्या बिचारीला त्यातलं काही कळत नव्हतं.

आबाशेट माजघराच्या दाराकडे बघत राहिले. काकींना जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ ते थांबले. दारात कोणी नव्हतं. मग त्यांनी अख्ख्या ताटाचा भाव सांगितला, पैसे दिले, आणि बाई त्यांना नमस्कार करून निघून गेली.

मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आबानू, ताट फुटका आसा."

"आसांदे," ते म्हणाले. "पण तिना मान हलवल्यान नाय."

त्यानंतर आबाशेट होते तोवर त्या पडवीतून एकही भांडं परत गेलं नाही.