बुडण्याची पात्रता

माणसाला पाण्यातून वाचवायचं तर आधी पाणी लागतं, मग माणूस लागतो, आणि त्या दोघांची गाठ पडावी लागते. आजवर जितके लोक बुडता बुडता वाचले, त्यांच्यापैकी शंभर टक्के लोकांच्या बाबतीत हे तीनही घटक हजर होते. (जे वाचले नाहीत त्यांचं मत कळलेलं नाही. ते सांगायला आले नाहीत.)

छत्रपती संभाजीनगरहून पाचोडच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जी छोटी नवी धावपट्टी लागते, ती चालवणाऱ्या महामंडळाला हे फार लवकर कळलं होतं. नियम असा की, धावपट्टीच्या टोकापलीकडं मोठा जलाशय असेल तर विमान त्यात पडू शकतं. पडलं तर त्यातून जे वाचतील त्यांना बाहेर काढायला बोट, तरंगते तराफे, जॅकेटं आणि दोर तयार पाहिजेत. नियम शहाणा आहे. त्यात खोट काढायला जागा नाही. या धावपट्टीच्या टोकापलीकडं गवळणीचा तलाव होता. नकाशात तो निळा होता. जमिनीवर तो मातकट होता, मधोमध बाभळी उगवल्या होत्या आणि खालच्या वस्तीतल्या चंपाबाईच्या शेळ्या दिवसभर त्यात चरत. पण विमानं नकाशा बघून उडतात, शेळ्या बघून उडत नाहीत. महामंडळानं नकाशाचं ऐकलं आणि बद्रीनाथ मोकासे हे जलबचाव अधिकारी झाले.

मोकासे साहेब मूळचे पिशोरचे. शेती भावाकडं, नोकरी यांच्याकडं, अशी वाटणी. त्यांना पोहता येत नव्हतं, पण जाहिरातीत ती अट नव्हती. (उंचीची होती. त्यात ते बसले.) गावाकडं मात्र जलबचाव म्हणजे पाणी वाचवण्याचं खातं असा समज झाला. पाहुणेमंडळी त्यांना शेततळ्याच्या अनुदानाबद्दल विचारू लागली. एका शाळेनं तर त्यांना थेंबाथेंबाच्या महत्त्वावर बोलायला बोलावलं. साहेब बोलले. बरं बोलले.

त्यांच्या पत्नीला, सायलीला, ही नोकरी वेगळ्याच बाजूनं खटकत होती. त्यांच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यानं यायचं, आणि आलं की सगळी गल्ली मोटारी लावून एकमेकांच्या तोंडचं ओढायची.

"तुमच्या ऑफिसात बोट आहे आणि पाणी नाही," ती म्हणाली. "आपल्या घरात दोन्ही नाही. म्हणजे तुमचं बरंच म्हणायचं."

"पाणी हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे," मोकासे साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

खरं सांगायचं तर त्यांचा त्या बोटीवर जीव जडला होता. केशरी रंगाची, फुगवलेली, अंगानं गुबगुबीत. रोज सकाळी ते तिच्या पाठीवर थाप मारून हवा बघत, बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी. ती चालवायला अग्निशमन विभागातली करुणा होती. तिचं प्रशिक्षण समुद्रावर झालं होतं आणि नेमणूक इथं. याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. समुद्रावर लाटा असतात, त्या मानानं इथं काम सोपं आहे, असं ती म्हणायची.

वर्षातून एक सराव सक्तीचा होता. सरावाला पाणी लागतं. म्हणून उन्हाळ्यात एका सकाळी टँकरची रांग लागली आणि तलावाच्या सगळ्यात खोल खड्ड्यात पाणी ओतायला सुरुवात झाली. चंपाबाई शेळ्या सोडून बघत उभी राहिली.

"साहेब, हे पाणी कामून वतून राह्यले?"

"विमान पडलं तर बुडालेल्यांना वाचवायला, मावशी."

"कवा पडलं विमान?"

"पडलेलं नाही. पडूही नये."

"मंग बुडालं कोण?"

"अजून कोणी नाही."

चंपाबाईनं यावर विचार केला. "आमच्या वस्तीला टँकर यिऊन लई दिवस झाले," ती म्हणाली. "बुडालो असतो तर आला असता व्हय?"

मोकासे साहेबांच्या सुदैवानं तेवढ्यात मुख्य व्यवस्थापक सुदर्शन सर आले. सरांनी मंडपात उभं राहून 'पाणी हा छुपा शत्रू' या विषयावर भाषण केलं. भाषण चालू असताना खालच्या वस्तीतल्या बाया हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन आल्या आणि शत्रूला घरी घेऊन जाऊ लागल्या. त्यांना हुसकायची सोय नव्हती, कारण सगळा स्टाफ जॅकेटं घालून जखमी म्हणून पाण्यात पडला होता. सरांचं भाषण संपेपर्यंत बोट चिखलात बसली आणि जखमी लोक उठून, चपला हातात घेऊन, चालत काठावर आले.

अहवालात मोकासे साहेबांनी खरं तेच लिहिलं. सर्व प्रवासी स्वतःच्या पायांनी किनाऱ्यावर पोचले. प्राणहानी नाही. अन्य हानी: पाणी. महामंडळानं त्यांचं अभिनंदन केलं. इतक्या कमी वेळात प्रवासी बाहेर आल्याचं उदाहरण त्यांच्याकडं नव्हतं.

मग सप्टेंबर आला. आपल्याकडचा पाऊस रुसलेल्या पाहुण्यासारखा असतो. बोलावलं तर येत नाही, आणि येतो तेव्हा घर रिकामं करून जातो. चार दिवस तो ओतत होता. गवळणीचा तलाव नकाशाबरहुकूम निळा व्हायच्या ऐवजी चहासारखा तांबडा झाला, भरला, सांडव्यावरून उलटला आणि खालच्या वस्तीत शिरला. जी माणसं बाहेर पडू शकली ती पडली. बाकीची शाळेच्या स्लॅबवर चढली.

दुपारी वस्तीचा सरपंच रामकिसन धावपट्टीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. कमरेपर्यंत चिखल, आवाज बसलेला.

"साहेब, बोट द्या. शाळेवर सव्वीस माणसं हायेत. पाणी खिडक्यांच्या वर गेलं. शाळा जुनी हाये, भिताडं मातीत बांधलेली. किती टिकंल सांगता येत नाय."

मोकासे साहेबांनी सुदर्शन सरांना फोन लावला. सर घरी होते, वाफ घेत होते.

"वाचवायला आपली कधीच हरकत नसते," सर म्हणाले. "पण ते विमान अपघातातले आहेत का?"

"नाही सर. पुरातले आहेत."

"मग तो दुसऱ्या खात्याचा विषय."

"त्या खात्याची बोट निघालीय म्हणतात सर. रस्ता वाहून गेलाय."

"आपली बोट तिकडं गेली आणि तेवढ्यात इकडं विमान पडलं, तर जबाबदार कोण?"

"आज विमान नाही सर. पावसामुळं रद्द झालंय."

"मोकासे, विमान रद्द होतं. नियम होत नाही." सरांनी फोन ठेवला.

मोकासे साहेब खिडकीशी उभे राहिले. रामकिसन फाटकाचे गज धरून पावसात तसाच उभा होता. त्यानं शिवी दिली असती तर फाटक बंद करायला एक कारण मिळालं असतं. मग अडचणीत सापडलेल्या सरकारी माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. नियम मोडणं नव्हे. दुसरा नियम.

"करुणा," ते म्हणाले, "सराव."

"आत्ता?"

"अघोषित सराव अधिकारी कधीही घेऊ शकतो. अघोषित आहे, म्हणून तर आत्ता."

करुणानं जॅकेट चढवलं. रामकिसनला साहेबांनी वाटेत समजावून सांगितलं की, त्याची माणसं ही एकोणीस आसनी विमानातून पडलेले प्रवासी आहेत. त्यानं मान डोलावली. पीकविम्याच्या पाहणीत वस्तीतल्या लोकांना याहून अवघड गोष्टी सांगाव्या लागल्या होत्या. शाळा दिसताच त्यानं तोंडाशी हात धरून हाळी दिली, "कोणी इचारलं तर इमानातून पडलो म्हनायचं!" आणि स्लॅबवरून एकमुखानं "व्हय" आलं.

सरावाला अधिकाऱ्यानं जातीनं हजर राहावं लागतं, त्यामुळं मोकासे साहेब बोटीत होते. पाणी त्यांनी इतक्या जवळून आणि इतकं एकदम कधी पाहिलं नव्हतं. बाभळींचे फक्त शेंडे वर होते. एक दार वाहत गेलं, त्यावर कोंबडी होती. साहेबांनी दोर इतका घट्ट धरला की तळहात सोलवटले, आणि ते त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

आधी म्हातारे आणि पोरं, मग बाया. बोट जायची, काठावर उतरवायची, परत यायची. दर फेरीला करुणा प्रत्येकाच्या मनगटाला जिवंत असल्याची हिरवी पट्टी बांधून आसन क्रमांक देत होती. एकानं खिडकीजवळचं मागितलं. ते तिनं दिलं. एकोणीस झाले तेव्हा शाळेच्या एका कोपऱ्यातली भिंत भसकन पाण्यात बसली आणि स्लॅबवर उरलेले सात जण दुसऱ्या कोपऱ्यात सरकले.

तेवढ्यात फोन वाजला. सुदर्शन सरांना सरावाची वर्दी पोचली होती, आणि सर खूश होते.

"एकोणीस निघाले? उत्तम. सराव संपवा."

"सर, अजून सात आहेत."

"कसे असतील? विमान एकोणीसचं. विसावा माणूस बाहेर काढलात तर आपण जादा प्रवासी भरले होते असं ठरेल. चौकशी लागेल, मोकासे."

मोकासे साहेबांनी त्या सात जणांकडं पाहिलं. सगळ्यात मागं चंपाबाई होती, एक शेळी गळ्याशी धरून.

"सर," ते म्हणाले, "विमान पडलं तर कोणाच्या तरी अंगावर पडेल ना? हे सात जण खाली होते. यांच्या अंगावर पडलं."

फोनवर वाफेचा आणि पानं उलटण्याचा आवाज आला.

"सरावाच्या आराखड्यात जमिनीवरचे लोक मृत धरलेत," सर म्हणाले. "त्यांना काळी पट्टी बांधावी लागेल."

"बांधतो सर."

अशा रीतीनं सात जिवंत माणसांच्या मनगटाला मयताची पट्टी बांधून त्यांना वाचवण्यात आलं. शेळीबद्दल आराखडा मुका होता. करुणानं ती हातातलं सामान म्हणून घेतली. शेवटची फेरी काठाला लागते न लागते तोच मागं धप्पकन आवाज झाला. वळून पाहिलं तर शाळा नव्हती. मोकासे साहेब बोटीतून उतरले आणि तिथंच चिखलात बसले.

चंपाबाई त्यांच्या शेजारी येऊन टेकली. मनगटावरची पट्टी तिनं उलटसुलट करून पाहिली.

"काळी कामून? बाकीच्याला हिरवी बांधली."

"मावशी, कागदावर तुम्ही... म्हणजे विमानाखाली सापडलात."

"मेले व्हय?"

"कागदावर."

"मेलेलीला च्या मिळंल का?"

साहेबांनी आपल्या थर्मासमधला चहा ओतून तिला दिला. देताना निम्मा तिच्या लुगड्यावर सांडला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "आधीच वलं हाये."

सरावाचा निकाल पुढच्या महिन्यात आला. महामंडळाच्या सगळ्या विमानतळांत तो पहिला ठरला. मोकासे साहेबांना प्रशस्तिपत्रक मिळालं. परीक्षकांनी करुणाच्या जॅकेटवरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत पाहून एकच शेरा मारला होता: जखमींचा अभिनय किंचित भडक. (मृतांचा अभिनय अगदीच कच्चा, असंही खाली होतं. काळी पट्टी बांधलेली एक महिला चहा पिताना स्पष्ट दिसते.) त्या सात जणांना पुराची मदत मिळायला थोडी अडचण आली, पण ते जिवंत असल्याचं दोन साक्षीदारांनी सांगितल्यावर प्रकरण विचारार्थ घेण्यात आलं.

खालच्या वस्तीनं पुढच्या पावसाळ्यासाठी स्वतःची एक बोट मागितली. उत्तर लगेच आलं. बोटीसाठी गावाला स्वतःची धावपट्टी असणं आवश्यक आहे. त्यावर रामकिसननं ग्रामसभा बोलावली आणि धावपट्टीच्या मागणीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. तज्ज्ञांची समिती जागा बघून गेली. वस्ती मधे येते, असं तिचं मत पडलं.

तलाव मात्र अजून भरलेला आहे आणि फार सुंदर दिसतो. बोट नुसती ठेवली तर रबर खराब होतं, म्हणून सुदर्शन सरांच्या परवानगीनं रविवारी संध्याकाळी तिच्या फेऱ्या होतात. शहरातली बरीच मंडळी येतात, मुलांना घेऊन. तुम्हीही मागच्या महिन्यात मोकासे साहेबांना ओळखीतून फोन केला होता, घरच्या चौघांचं जमेल का म्हणून. जमलं. करुणानं हात धरून बोटीत बसवलं, जॅकेटाचे बंद स्वतः बांधले आणि तलावाला सावकाश वळसा घातला. तुम्ही कोणत्या विमानातून पडलात, असं तुम्हाला कोणी विचारलं नाही. विचारायला तुम्ही काही बुडत नव्हता.