काशीची तब्येत

अर्ज भरण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात नाही! देवरूखच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली, माझा एक अर्ज कधी परत आला नाही. त्यामुळे कॅनडाहून आमचा सागर फोनवर म्हणाला, "बाबा, इथे यायचं तर आधी आरोग्य विमा लागतो, त्याशिवाय व्हिसा नाही. एखादा एजंट बघा," तेव्हा मी त्याला तिथेच तोडलं.

"एजंट? अरे, बाप जिवंत आहे तुझा!"

घाई होती. सून ज्ञानेश्वरीला सातवा लागला होता. आणि तिकडे पाहुण्यांना दवाखाना फुकट नाही. एक रात्र खाटेवर काढली तर इकडची कलमांची बाग विकावी लागेल, असं सागर म्हणाला. माझ्या बायकोने, काशीने, तर डिंकाचे लाडू वळून डबेसुद्धा भरले होते. पहिलं नातवंड! तिचा जीव केव्हाच कॅनडात पोचला होता, नुसतं शरीर न्यायचं बाकी होतं.

दोघांचेही अर्ज मी मोत्यासारख्या अक्षरात भरले. आजारांच्या रकान्यात ठसठशीत 'निरंक' लिहिलं आणि दिले पाठवून.

आठवड्याने विमा कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "काकू, तब्येत कशी आहे?"

आता आमच्या वाडीची रीत तुम्हाला सांगायला हवी. इथे कोणीही, कधीही 'मी बरा आहे' असं म्हणत नाही. म्हटलं की दृष्ट लागते!

"कसली तब्येत नि काय गो बाय!" काशीने सुस्कारा टाकला. "आपला दिवस ढकलायचा."

"चालता येतं ना?"

"दोन पावला टाकली की धाप लागते." सकाळीच ती सड्यावरून, वरच्या कातळमाळावरून, लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन आली होती!

"जेवण?"

"चिमणीचा घास!" चार भाकऱ्या आणि बांगड्याचं कालवण नुकतंच पोटात गेलं होतं.

"झोप?"

"डोळ्याला डोळा नाय गो." हिच्या घोरण्याने शेजारचा कुत्रा भुंकतो हो!

मी समोर उभा राहून हातवारे करत होतो. तिला वाटलं, मी माश्या हाकतोय.

तिसऱ्या दिवशी कळलं, माझा अर्ज विचाराधीन आणि काशीचा नामंजूर! हृदय, फुफ्फुसं, पोट, मेंदू... कंपनीने तिचा एकही अवयव धड ठेवला नव्हता.

"अवो, मी आपली रीतीला धरून बोलले," लाडवांच्या डब्यावर हात ठेवून काशी रडायला लागली. "माझ्या ज्ञानेश्वरीचा बाळंतपण कोण करील तिकडं?"

बत्तीस वर्षांत या बाईने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच बसलो आणि तीन प्रतींत हरकत अर्ज लिहिला. कंपनी नमली! गुरुवारी रत्नागिरीहून डॉक्टर घरी येऊन दोघांनाही तपासणार, असं ठरलं.

मधल्या काळात मी ही गोष्ट फक्त शेजारच्या भिकाजीला सांगितली. तेवढं पुरलं. गुरुवारी सकाळी शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन अख्खी वाडी पडवीत हजर! सगळे माना खाली घालून बसलेले. "बाय चांगली होती वो," भिकाजी डोळे पुसत म्हणाला.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी गर्दी बघितली, अंगणातच चपला काढल्या आणि हळूच विचारलं, "काशीबाई कुठे आहेत?"

सगळ्यांनी मुकाट्याने वर बोट दाखवलं.

डॉक्टरांनी डोळे मिटून हात जोडले. "मला यायला उशीर झाला..."

"बाजूला व्हा वो!" वरून आवाज आला. "फणस पडतोय!"

धप्प! डॉक्टरांच्या पायाशी फणस पडला. पाठोपाठ कोयता कमरेला खोचून काशी झाडावरून सरसर उतरली. एवढ्या माणसांना भाजी नको का?

डॉक्टरांनी तपासलं. सगळं उत्तम! "काकू, आता तुम्हीच सांगा, कशा आहात?"

काशीने माझ्याकडे बघितलं. मग लाडवांच्या डब्याकडे. आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "ठणठणीत!" म्हणाली आणि तशीच चुलीकडे धावली. मीठ, मोहरी, मिरच्या स्वतःवरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. खोकत खोकत डॉक्टरांनी सही केली.

"आता काका, तुम्ही."

"मी? मी तर कातळ आहे, कातळ!"

त्यांनी दंडाला पट्टा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग मला खुर्चीत बसवलं आणि भिकाजीला सांगितलं, "त्या शहाळ्यांतलं एक यांना द्या."

रक्तदाब एकशे नव्वद! चौतीस वर्षांत पहिल्यांदाच माझा अर्ज परत आला.

काशी एकटीच गेली. ज्ञानेश्वरीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. परवा व्हिडिओवर काशीने नात दाखवली आणि माझे डोळे भरून आले. मागे भिकाजी आणि मंडळी माझ्या समाचाराला बसलेलीच होती.

"तुमची तब्येत कशी हाय?" तिने विचारलं.

तिला काळजी नको म्हणून मी छाती काढून ओरडलो, "ठणठणीत!"

"अगो बाय! बोललात?" फोन तसाच चालू ठेवून काशी धावली. मिरच्या तडतडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सागरच्या सात मजली इमारतीतल्या सगळ्या धुराच्या घंटा!

आग विझवायला धावून आलेल्या बंबाचा खर्च आरोग्य विम्यात बसतो का, अशी विचारणा मी कालच कंपनीकडे केली आहे. तीन प्रतींत.